एकच नाव, दोन मिल्ड्यूरा

१० डिसेंबर २०१२ रोजी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी एक छोटंसं पत्रक काढलं. मिल्ड्यूरा शहराकडे निघालेल्या वाहनचालकांनी आयफोनमधल्या नव्या नकाशावर विसंबू नये, असं त्यात म्हटलं होतं. गेल्या काही आठवड्यांत हा नकाशा लोकांना मिल्ड्यूराऐवजी तिथून सुमारे ७० किलोमीटर लांब, मरी-सनसेट राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध नेऊन सोडत होता. उद्यान म्हटलं की आपल्याला कारंजं आणि बाकडी आठवतात. हे उद्यान म्हणजे सहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, वाळूचा आणि कोरड्या झुडपांचा पसारा आहे. आत पिण्याचं पाणी नाही. डिसेंबर म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा, पारा ४६ अंशांपर्यंत चढू शकतो. अडकलेल्यांपैकी काही जण २४ तासांपर्यंत अन्नपाण्याविना राहिले होते आणि फोनला रेंज मिळावी म्हणून लांबवर पायी गेले होते. पोलिसांनी स्वतः फोन हातात घेऊन खात्री केली. नकाशात मिल्ड्यूराची पिन खरोखरच उद्यानाच्या पोटात होती. प्रकार जिवावर बेतू शकतो असं पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, आणि आयफोन बनवणाऱ्या ॲपल कंपनीला कळवलं असल्याचंही.

बातमी जगभर गेली. लोक हसले. दिवस-दोन दिवसांत पिन जागेवर आली आणि विषय मिटला असं सगळ्यांनी धरलं.

मला हे प्रकरण तिथं मिटलेलं वाटत नाही. मी बरीच वर्षं फावल्या वेळात नकाशातल्या चुका दुरुस्त करत आलोय. गावाकडचे रस्ते, वाड्यांची नावं, देवळं, एसटीचे थांबे असलं काहीबाही. त्या नादामुळे मिल्ड्यूराची गोष्ट मी अनेकदा उलगडून पाहिली. ‘ॲपलनं घाई केली आणि तोंडघशी पडलं’ एवढ्यावर ती संपत नाही. चूक कुठून आली आणि ती इतके दिवस कुणालाच कशी दिसली नाही, हे दोन प्रश्न धरून बसलं की नकाशांबद्दलच्या आपल्या रागाचा पत्ताही थोडा बदलतो.

आधीचे तीन महिने

पहिला आयफोन २००७ साली आला तेव्हापासून त्यातल्या नकाशाचा माल गूगलचा होता. ॲप ॲपलनं बांधलेलं, आत ओतलेली माहिती गूगलची. पुढे अँड्रॉइड फोन बाजारात आले आणि दोघं एकमेकांचे स्पर्धक झाले. २००९ च्या अखेरीपासून अँड्रॉइडवर ‘आता डावीकडे वळा’ असं बोलून सांगणारा नकाशा मिळू लागला, आयफोनवर मात्र तो मिळाला नाही. आपल्या फोनमधली इतकी महत्त्वाची वस्तू प्रतिस्पर्ध्याच्या मर्जीवर चालते, हे ॲपलला पचणं शक्य नव्हतं. त्यांनी २००९ ते २०११ मध्ये प्लेसबेस, पॉली९, सी३ टेक्नॉलॉजीज अशा नकाशातल्या छोट्या कंपन्या विकत घेतल्या. रस्त्यांची माहिती मुख्यतः टॉमटॉम या नकाशा कंपनीकडून घेतली, बाकीची आणखी अनेकांकडून. आणि १९ सप्टेंबर २०१२ ला आयओएस ६ या आयफोनच्या नव्या प्रणालीसोबत जुना नकाशा काढून स्वतःचा बसवला.

पहिल्याच दिवसापासून बोंब झाली. लंडनमध्ये पॅडिंग्टन स्टेशन शोधून सापडेना. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल त्रिमिती चित्रात उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा वितळलेला दिसे. डब्लिनजवळ डंड्रम इथं एअरफील्ड नावाची एक शेतवाडी आहे. गायी, बाग, उपाहारगृह असा सगळा निवांत मामला. नकाशानं नाव वाचलं आणि तिथं विमानाचं चिन्ह चिकटवलं. आयर्लंडचे तेव्हाचे न्यायमंत्री ॲलन शॅटर यांना जाहीर सांगावं लागलं की हा विमानतळ नाही, अडचणीत सापडलेल्या एखाद्या वैमानिकानं चुकून तिथं उतरायचा विचार केला तर भलतंच होईल.

नऊ दिवसांनी, २८ सप्टेंबरला, ॲपलचे मुख्य अधिकारी टिम कुक यांनी पत्र लिहून ग्राहकांची माफी मागितली. नकाशा सुधारेपर्यंत बिंग, मॅपक्वेस्ट, वेझ ही ॲप वापरा, नाहीतर गूगल किंवा नोकियाचा नकाशा त्यांच्या वेबसाइटवर जाऊन पाहा, असं प्रतिस्पर्ध्यांची नावं घेऊन सांगितलं. अशा कंपनीसाठी हे फारच होतं आणि त्याचीच सर्वाधिक चर्चा झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस आयफोनचं सॉफ्टवेअर सांभाळणारे स्कॉट फॉर्स्टॉल कंपनीतून जाणार असल्याचं जाहीर झालं आणि नकाशाचं काम एडी क्यू या दुसऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे आलं.

मला मात्र त्या माफीपत्रातलं दुसरं एक विधान जास्त महत्त्वाचं वाटतं. लोक नकाशा जितका जास्त वापरतील तितका तो सुधारेल, असं कुक यांनी लिहिलं होतं. नव्या नकाशाची दहा कोटींहून जास्त उपकरणं, लोकांनी केलेले जवळपास पन्नास कोटी शोध, हे आकडेही त्याच पत्रात होते. थोडक्यात, तुम्ही चालत राहा, आम्ही तुमच्या पावलांवरून रस्ता आखू. हे विधान खोटं नव्हतं. पण ते कुठं खरं ठरतं आणि कुठं नाही, याचं उत्तर अडीच महिन्यांनी मिल्ड्यूराच्या वाळूत मिळालं.

चूक कुठून आली

मिल्ड्यूरा हे मरी नदीकाठचं गाव. मेलबर्नपासून साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर, राज्याच्या अगदी वायव्य कोपऱ्यात. आजूबाजूला कोरडा प्रदेश असला तरी नदीच्या पाण्यावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं बागायती उभी राहिली, द्राक्षं आणि संत्री पिकायला लागली. आपल्याकडचा माणूस नाशिक आणि नागपूर एकत्र करून बघेल तसं काहीसं.

या शहराच्या नावानं एक प्रशासकीय क्षेत्रही आहे, मिल्ड्यूरा रूरल सिटी. नाव ‘ग्रामीण शहर’, आकार बावीस हजार चौरस किलोमीटर. आपला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर, तो सतरा हजारांचा. म्हणजे ही एकटी नगरपालिका आपल्या सगळ्यात मोठ्या जिल्ह्याहून मोठी. शहर या क्षेत्राच्या पार उत्तरेच्या कडेला, नदीला चिकटून. खाली दक्षिणेला मैलोन्‌मैल कोणी नाही, आणि त्या रिकाम्या भागाचा मोठा तुकडा म्हणजे मरी-सनसेट उद्यान.

आता एवढ्या मोठ्या क्षेत्राला यादीत एका ओळीत बसवायचं तर अक्षांश-रेखांश कुठले लिहायचे? यादी बनवणारा साहजिकच क्षेत्राचा मधला बिंदू लिहितो. पत्रकारांनी तेव्हा ऑस्ट्रेलियाचं अधिकृत गॅझेटियर, म्हणजे देशातल्या स्थळनामांची सरकारी यादी, उघडून पाहिली तर तिच्यात मिल्ड्यूरा दोनदा होतं. एक नोंद शहराची, बरोबर जागी. दुसरी मिल्ड्यूरा रूरल सिटीची, तिचा बिंदू उद्यानाच्या मधोमध. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बिनचूक. मधला बिंदू मध्येच असणार, त्यात कुणाचा दोष? घोटाळा तेव्हा होतो जेव्हा ‘मिल्ड्यूरा’ असं टाइप करणाऱ्या माणसाला शहराऐवजी या दुसऱ्या नोंदीकडे पाठवलं जातं.

हे परकं वाटायचं कारण नाही. ठाणे घ्या. ठाणे शहर ठाणे जिल्ह्याच्या पार पश्चिम टोकाला, खाडीकाठी आहे. जिल्ह्याचा मधला बिंदू काढला तर तो शहापूर-मुरबाडच्या दिशेला कुठल्यातरी भातखाचरात पडेल. रायगडची गंमत त्याहून वरची. किल्ला महाड तालुक्यात, जिल्ह्याचं ठाणं अलिबागला, जिल्ह्याचा मध्य तिसरीकडेच, आणि उच्चारात सख्खा भाऊ शोभेल असं एक रायगढ थेट छत्तीसगडात. आपण बोलताना हे गोंधळ सहज सोडवतो, कारण ‘रायगडला चाललोय’ म्हणणाऱ्याच्या पाठीवर सॅक आहे की हातात कोर्टाची फाइल आहे ते आपल्याला दिसतं. संगणकाला सॅक दिसत नाही. त्याला दोन ओळी दिसतात आणि त्यातली एक निवडायची असते.

निवड चुकल्यावर पुढचं काम रस्ता काढणाऱ्या भागाचं. तो प्रश्न विचारत नाही. बिंदूच्या जवळात जवळ जी रेघ सापडेल तिथपर्यंत गाडी नेतो. उद्यानात वाळूच्या वाटा आहेत, चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांसाठीच्या. नकाशाच्या माहितीत ती वाटही रेघ आणि महामार्गही रेघ. रेघेखाली डांबर आहे की वाळू, हे कुणीतरी वेगळं लिहून ठेवलेलं असावं लागतं.

मग माणसं गेलीच कशी, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. डांबर संपलं, वाळू लागली, तरी पुढे गेले म्हणजे डोळे नव्हते का? असं म्हणणाऱ्यानं अनोळखी मुलखात संध्याकाळी गाडी चालवून पाहावी. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात बऱ्याच गावांना जाणारे रस्ते खरोखरच ओसाड असतात. तास-दीड तास माणूस दिसत नाही. अशा ठिकाणी ‘ओसाड दिसतंय म्हणजे चुकलो’ हा अंदाज चालत नाही. तिथं बरोबर रस्ताही ओसाडच असतो. आणि वाळूत रुतेपर्यंत प्रत्येक किलोमीटरला फोन सांगत असतो की अंतर कमी होतंय.

कुणाला दिसली नाही

आता दुसरा प्रश्न. नकाशात ‘समस्या कळवा’ अशी सोय तेव्हाही होती. पानाचा कोपरा उचलल्यासारखा केला की खाली लहान अक्षरांत ती सापडे. पिन चुकीच्या जागी आहे, रस्ताच नाही, पत्ता चुकलाय, असे पर्याय निवडून पाठवता येत. वापराल तितकं सुधारेल हे आश्वासन ज्या यंत्रणेवर उभं होतं, तिचा एक पाय म्हणजे हीच सोय.

पण मिल्ड्यूराच्या बाबतीत ती कोण वापरणार होतं?

मिल्ड्यूरात राहणारा माणूस मिल्ड्यूरा शोधत नाही. तो दवाखाना शोधेल, हार्डवेअरचं दुकान शोधेल. आपल्याच गावाची पिन उद्यानात पडलीय हे त्याच्या कधी लक्षातच येणार नाही, कारण गावाचं नाव टाइप करायची वेळ त्याच्यावर येत नाही. गावाचं नाव टाइप करतो तो परका, म्हणजे ज्याला गाव कुठं आहे हे माहीत नाही तोच. ज्याला चूक कळली असती त्याला नकाशाची गरज नव्हती, आणि ज्याला नकाशाची गरज होती त्याला चूक कळायला वाव नव्हता.

आणि कळली तेव्हा? तेव्हा तो वाळूत. फोनला रेंज नाही. रेंज मिळवायला तो उन्हात चालत गेला, आणि मिळाल्यावर त्यानं पोलिसांना फोन केला. नकाशाचा कोपरा उचलून ‘पिन चुकीच्या जागी आहे’ हा पर्याय त्यानं निवडला असेल अशी अपेक्षा धरणं क्रूरपणाचं होईल. सुटका झालेली माणसं हकीकत कुणाला सांगतात? पोलिसांना, बायकोला, हॉटेलवाल्याला. कंपनीच्या संगणकाला सहसा कोणी सांगत नाही.

‘वापरातून सुधारणा’ हे तत्त्व गर्दीच्या ठिकाणी छान चालतं. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरची एकेरी वाहतूक नकाशात उलटी दाखवली तर संध्याकाळपर्यंत शंभर जण ओरडतील, आणि फोनच्या हालचालींवरूनही कळेल की सगळ्या गाड्या उलट्या दिशेनं जातायत. पण जिथं दिवसाला दोन गाड्या जातात तिथं गर्दीच नाही, मग गर्दीचं शहाणपण येणार कुठून? आणि चूक सर्वांत घातक असते ती नेमकी तिथंच.

मिल्ड्यूरात शेवटी चूक दिसली ती पोलिसांना, कारण वेगवेगळ्या परक्यांच्या हकीकती एका टेबलावर जमा होणारी ती एकच जागा होती. पोलिसांनी ती पडताळली, कंपनीला कळवली आणि सोबत पत्रकही काढलं. पत्रक वर्तमानपत्रांत गेलं आणि पिन हलली. पिन हलवायला काही फार मोठं तंत्र लागत नव्हतं, हे त्या वेगावरूनच कळतं. तीन दिवसांनी, १३ डिसेंबरला, गूगलनं आयफोनसाठी आपलं स्वतंत्र नकाशा ॲप आणलं. दोन दिवसांत एक कोटीहून जास्त लोकांनी ते उतरवून घेतलं. लोकांच्या रागाची मोजपट्टी म्हणून हा आकडा कुठल्याही तक्रारीपेक्षा बोलका आहे.

कळवूनही

कळवणारा सापडला की काम झालं, असंही नाही.

मिल्ड्यूरानंतर नऊ महिन्यांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, अलास्कातल्या फेअरबँक्स विमानतळावर तोच नकाशा लोकांना टॅक्सीवेपर्यंत, म्हणजे विमानं धावपट्टीकडे ज्या वाटेनं जातात तिथपर्यंत, नेत होता. नकाशा टॅक्सीवेच्या कडेला थांबायचा, पण पुढे धावपट्टीपलीकडे टर्मिनलची इमारत दिसत असल्यामुळे दोन चालक पाट्या, दिवे, फाटक सगळं ओलांडून सरळ धावपट्टीवरून पलीकडे गेले. पहिला ६ सप्टेंबरला, दुसरा २० ला. पहिल्या घटनेनंतर विमानतळानं राज्याच्या महान्यायवाद्यांच्या कार्यालयामार्फत कंपनीला कळवलं होतं. विमानतळ, तोही सरकारी वकिलामार्फत. तरी दुसरी गाडी आलीच. बातम्या झाल्या, मग त्या ठिकाणचे दिशानिर्देश बंद झाले. तोपर्यंत विमानतळानं रस्त्यावर अडथळे उभे केले होते.

याहून वाईट प्रकरण नॉर्थ कॅरोलायनातल्या हिकरी गावचं. तिथला एक लहान पूल २०१३ साली खचला आणि पुन्हा बांधला गेला नाही. ३० सप्टेंबर २०२२ च्या रात्री एक माणूस मुलीच्या वाढदिवसाहून परतत होता. नकाशानं त्याला त्या पुलावरून नेलं. गाडी खाली ओढ्यात पडली, तो गेला. कुटुंबानं २०२३ मध्ये गूगलवर दावा लावला. दाव्यातला सर्वांत बोचरा भाग असा की गावातल्या रहिवाशांनी हा पूल पडलाय, रस्ता काढून टाका, अशी दुरुस्ती २०२० मध्येच पाठवली होती, आणि सूचना मिळाली असून विचाराधीन आहे अशा अर्थाचं उत्तरही आलं होतं. पूल पडून नऊ वर्षं झाली होती. कळवणारे होते, कळवण्याची सोय होती, पोचपावतीही होती.

मग तपासणारे करतात काय, असा संताप होणं साहजिक आहे. पण त्यांची बाजूही ऐकायला हवी. गूगलनं २००८ साली ‘मॅप मेकर’ काढलं, त्याचं बरंचसं काम आपल्या बंगळुरूच्या कार्यालयात झालं होतं. ज्या देशांत चांगले डिजिटल नकाशे नव्हते, तिथल्या लोकांनी स्वतः रस्ते आखावेत ही कल्पना. भारतात हजारो लोकांनी गल्ल्या, बोळ, शाळा, पिठाच्या गिरण्या उत्साहानं भरल्या. एप्रिल २०१५ मध्ये रावळपिंडीजवळ कुणीतरी अँड्रॉइडचा हिरवा बाहुला ॲपलच्या चिन्हावर लघवी करतानाचं चित्र नकाशात काढून ठेवलं आणि ते छाननीतून पार झालं. जगभर शोभा झाली. मे महिन्यात सगळ्या जगासाठी मॅप मेकर थांबवावं लागलं, ऑगस्टपासून हळूहळू पुन्हा उघडलं, आणि ३१ मार्च २०१७ ला कायमचं बंद झालं. एका टवाळाची किंमत हजारो निष्ठावान लोकांनी मोजली. तेव्हापासून अशा यंत्रणा प्रत्येक दुरुस्तीकडे आधी संशयानं पाहतात. एखाद्या अनोळखी माणसानं ‘हा पूल पडलाय’ लिहिलं तर तो खरं सांगतोय की शेजाऱ्याच्या हॉटेलचा रस्ता बंद पाडतोय, हे हजारो मैलांवरून ठरवायचं असतं. उपग्रहाच्या जुन्या चित्रात पूल शाबूत दिसतो, सरकारी यादीत असतो, विकत घेतलेल्या माहितीतही असतो. तीन साक्षीदार एकीकडे आणि गावातला एक माणूस दुसरीकडे.

ओपनस्ट्रीटमॅप या २००४ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या खुल्या नकाशाचं वेगळेपण इथं दिसतं. तिथं बदल आधी लागतो आणि मग इतर लोक तो तपासतात. चूक केली तर दुसरा कोणी उलटवतो, नावानिशी भांडतो, पण भांडण उघड असतं. मी तिथंच जास्त रमलो याचं कारण हेच. अर्थात त्यालाही माणसं लागतात, आणि ज्या तालुक्यात एकही हौशी नकाशावाला नाही तिथं तोही नकाशा रिकामाच. त्यामुळे त्याची आरती ओवाळत बसणार नाही.

आपल्याकडचं पाणी

जानेवारी २०२१ मध्ये आपल्या अकोले तालुक्यात कोतूळजवळ जे झालं ते मिल्ड्यूराशेजारी ठेवून पाहिलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. कळसूबाईला निघालेली मंडळी रात्री नकाशा पाहत येत होती. नकाशानं दाखवलेला मुळा नदीवरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. अंधारात गाडी सरळ पाण्यात गेली. दोघं पोहून बाहेर आले, चालक बुडाला.

यात नकाशा खोटा होता का? पूल तिथं होता. धरणाचं पाणी ओसरलं की दिसतो, त्यावरून लोक जातातही. गावातल्या पोरालाही माहीत असतं की सध्या पूल बुडालाय, वळसा घ्यायचा. नकाशात रस्ता ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहिता येतं अशी आपली समजूत झालीय, आणि आपल्याकडचे कितीतरी रस्ते ‘कधी असतात, कधी नसतात’ या जातीचे आहेत. पावसाळ्यात बंद होणारे कॉजवे, उन्हाळ्यात नदीच्या पात्रातून जाणाऱ्या वाटा, भरतीला बुडणारे खाडीकाठचे तुकडे. ही माहिती लिहायची तर कुणीतरी ऋतूप्रमाणे लिहीत राहावं लागेल. मिल्ड्यूराची पिन एकदा हलवली की काम झालं. कोतूळचा पूल दर वर्षी हलवावा लागेल.

त्या जागी पाटी, अडथळा काही नव्हतं, ही तक्रार तेव्हाही झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी पडून तिघं गेले, तिथंही हेच. पुलाचा भाग आदल्या वर्षीच्या पुरात वाहून गेला होता आणि तोंडावर धड अडथळा नव्हता. पोलिसांनी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला आणि त्याच गुन्ह्यात नकाशा कंपनीच्या अधिकाऱ्यालाही धरलं. दोघांना एका ओळीत बसवणं कायद्यात टिकेल न टिकेल, पण मला ती ओळ बरोबर वाटते, आणि तिच्यातला क्रमही बरोबर वाटतो. आधी रस्ता ज्याचा आहे तो. चार पिंपं आणि एक दोरी ही नकाशातली कुठलीही दुरुस्ती व्हायच्या आत लावता येते.

ॲपलनं पुढं काय केलं

थोडक्यात सांगायचं तर पायी फिरायला सुरुवात केली. ‘वापराल तितकं सुधारेल’ यावर विसंबून न राहता त्यांनी वेगवेगळ्या देशांत प्रत्यक्ष जागेवरची माहिती तपासणारी माणसं नेमली, कॅमेरे आणि लेझर लावलेल्या गाड्या रस्त्यावर काढल्या. २०१८ मध्ये एडी क्यू यांनी जाहीर केलं की नकाशा पायापासून नव्यानं उभारतोय, आणि सुरुवात उत्तर कॅलिफोर्नियापासून झाली. अख्खी अमेरिका व्हायला जानेवारी २०२० उजाडलं. विकत घेतलेल्या याद्या एकमेकींवर चढवून जे घाईनं दाखवायचं होतं, ते जमिनीवर फिरून करायला सात-आठ वर्षं लागली, तीही जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला. दुरुस्ती कळवणाऱ्याला ‘तुमची तक्रार सोडवली’ असा निरोप जाण्याची सोयही पहिल्या गदारोळानंतर आली. ती आधीच असती तर कदाचित जास्त लोकांनी कळवायचे कष्ट घेतले असते. आपली चिठ्ठी कोणी वाचतंय असं वाटल्याशिवाय माणूस दुसरी चिठ्ठी लिहीत नाही.

हे मी अनुभवानं सांगतोय. कोकणात आमच्या वाडीच्या अलीकडे एक पऱ्या, म्हणजे ओढा, आहे आणि त्यावर साकव. दोन माणसं एकमेकांना वाट देत जातील एवढा. एका नकाशा ॲपनं त्याला गाडीचा रस्ता ठरवलंय. मुख्य रस्त्यानं वळसा घेतला तर चार किलोमीटर जास्त पडतात, म्हणून हिशेबी यंत्र प्रत्येकाला साकवावर पाठवतं. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईच्या गाड्या येतात, साकवापाशी थांबतात, आणि मग अर्धा किलोमीटर अरुंद पाणंदीतून मागं मागं जातात. एकदा एका पोरानं तात्यांना विचारलं, ‘काका, रस्ता पुढं जातो ना? मॅपवर दाखवतोय.’ तात्या म्हणाले, ‘मग मॅपलाच सांगा गाडी उचलून पलीकडं ठेवायला.’

मी तीनदा दुरुस्ती पाठवली. पहिल्या दोनदा सूचना मिळाल्याचं आभारपत्र आलं. तिसऱ्यांदा साकवाचा फोटोही जोडला, मध्ये तात्या उभे, म्हणजे रुंदीचा अंदाज यावा. उत्तर आलं की ही माहिती पडताळता आली नाही. फोटोतले तात्या त्यांना दिसले नसावेत. बहुधा आकाशातून साकव रस्त्यासारखाच दिसत असेल, किंवा गणपतीत तिथपर्यंत येऊन थांबणाऱ्या गाड्यांच्या फोनवरूनच यंत्राला वाटत असेल की इथं रहदारी आहे. हे दुसरं कारण खरं असेल तर चुकलेल्यांची गर्दीच चुकीची साक्षीदार झाली म्हणायची.

गेल्या शिमग्याला गेलो तर पाणंदीच्या तोंडाशी, जिथं गाडी वळवायला अजून जागा आहे तिथं, तेलाच्या डब्याचा पत्रा सरळ करून झाडाला ठोकलेला दिसला. त्यावर लाल रंगात तात्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मॅप चुकलाय. पुढे साकव. गाडी जात नाही. डावीकडून या, चहा प्या.’ नकाशात साकव अजून रस्ताच आहे. गणपतीत एकही गाडी आत अडकली नाही, चहाला मात्र सहा-सात जण थांबून गेले असं काकू सांगत होत्या.